झरी : एका लहान गावाचा इतिहास

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, "वसईला किल्ला आहे. डहाणूलाही किल्ला आहे. आमच्या पाड्याला काय आहे?" वर्गात हशा पिकला. मुलगा तलासरीकडचा. शाळेच्या पुस्तकात त्याने गड वाचले, राजे वाचले, लढाया वाचल्या. त्यातले आपल्या पाड्यावर काहीच नाही, हे त्याला बोचत होते. आम्हीही त्या वेळी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटले, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांचे मूळ अशाच पाड्यांत आहे. म्हणून या अभ्यासलेखासाठी आम्ही मुद्दाम एक लहान गाव निवडले आहे. त्या गावाचे नाव झरी.

आधी या परिसराबद्दल जुन्या लेखांत काय सापडते ते पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदात याचा शिलालेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. आपण कोणकोणत्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावांची सोय केली, हे त्याने त्यात नोंदवले आहे आणि त्या नद्यांत 'दाहनुका' हे नाव आहे. म्हणजे डहाणूची खाडी ओलांडणाऱ्या माणसांची काळजी कोणीतरी अठराशे वर्षांपूर्वी केली होती. पुढे संजाणला पारशी उतरले. १५९९ मध्ये लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात ती हकिगत आहे. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे जपला, असेही त्यात सांगितले आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. डहाणू, तारापूर, माहीम ही ठाणी त्यांच्या ताब्यात राहिली ती १७३९ पर्यंत. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा सारा किनारा मराठ्यांकडे गेला. आत डोंगरात जव्हारचे मुकणे राजे होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रज आले.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की यात बंदर आहे, खाडी आहे, किल्ला आहे, राजा आहे. झरी कुठेच नाही. जिथे जकात मिळत नाही आणि जिथून तोफ डागता येत नाही, अशा गावाकडे लिहिणाऱ्याचे लक्ष जात नाही. पण त्या गावांतही माणसे जन्मत होती, भात लावत होती, लग्ने करत होती. त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

झरी आज पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ आहे. १९६० पूर्वी ते ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. झरी म्हणजे झऱ्याचे ठिकाण. हे नाव महाराष्ट्रात पुष्कळ गावांना आहे. वस्ती मुख्यतः वारली समाजाची. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी होते. इथले गाव म्हणजे एका वेशीच्या आतली दाट वस्ती नव्हे. चार घरे एका टेकाडावर, सहा घरे ओहोळापलीकडे, असे विखुरलेले पाडे असतात आणि कागदावर त्या सगळ्यांना मिळून एक नाव असते. पाहुणा गाव शोधत येतो आणि गावातूनच निघून जातो, तरी त्याला कळत नाही!

या गावाची पहिली नोंद सावकाराच्या वहीत आहे, असे म्हटले तर चुकणार नाही. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, सारा रोख भरावा लागू लागला, जंगल सरकारी झाले. १८७८ च्या वन कायद्यानंतर पूर्वी सहज मिळणारे लाकूड, पाने, कंदमुळे यांवर पहारा बसला. रेल्वे आली आणि जंगलातले लाकूड व माळावरचे गवत मुंबईला जाऊ लागले. मुंबईच्या घोड्यांना आणि गोठ्यांना गवत हवे असे. जंगलपट्टीला प्रथमच बाजारभाव आला, तसे व्यापारी, ठेकेदार आणि सावकार आत शिरले. वारल्याकडे रोख पैसा नव्हता. सारा भरण्यासाठी, दुष्काळात पोट भरण्यासाठी त्याने कर्ज घेतले, अंगठा दिला आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली. तो मात्र त्याच जमिनीवर राहिला, कूळ म्हणून.

मग खावटी. हा शब्द आमच्या जुन्या मंडळींना समजावून सांगायला नको, पण तरुणांसाठी लिहितो. ज्येष्ठ-आषाढात कणगी रिकामी होते आणि शेतावर सर्वांत कष्टाचे काम असते. तेव्हा सावकाराकडून भात किंवा नागली उसनी आणायची, ती खावटी. पीक आले की ती दीडपट, कुठे दुप्पट फेडायची. त्यातून खंडाचे भात वेगळे. खळ्यावरच माप पडले की घरी न्यायला उरते ते दिवाळीनंतर फार दिवस पुरत नाही. मग पुन्हा आषाढ, पुन्हा खावटी. वही सावकाराची, माप सावकाराचे आणि हिशेबही सावकाराचाच. वहीत काय लिहिले आहे हे ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला वाचता येत नाही. यापेक्षा पक्की बेडी दुसरी कोणती असेल, ते आम्हांला ठाऊक नाही.

याच्यावर वेठ. जमीनदाराच्या खासगी शेतावर, घरी, बागेत बोलावणे आले की आपले काम टाकून जायचे. मजुरी नाही. नाही म्हटले तर मार. ही अतिशयोक्ती नव्हे. सिमिंग्टन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला मुंबई सरकारने आदिवासी भागाची पाहणी करायला पाठवले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने दिलेल्या अहवालात वेठीचे आणि वेठ नाकारणाऱ्याला होणाऱ्या मारहाणीचे वर्णन आहे. सरकारी माणसानेच सरकारला लिहून कळवले होते. अहवाल छापला गेला. वेठ चालूच राहिली.

आणि लग्नगडी. इथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते.

वारल्यांचे लग्न ही मोठी गोष्ट असते. घराच्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते, भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे असतात. लग्न लावणारी असते धवलेरी, म्हणजे एक स्त्रीच, आणि ती रात्रभर गाणी म्हणते. मुलीकडच्यांना देज द्यावे लागते, गोताला जेवण आणि ताडी द्यावी लागते. एवढा खर्च हाती नसेल तर जोडपे तसेच एकत्र राहते आणि पुढे ऐपत झाली की लग्न लावते. कधी कधी तोवर मुलेही झालेली असतात. बाहेरचे लोक याला नावे ठेवतात. आपल्यातलेही ठेवतात, हे कबूल केले पाहिजे. पण हे लांबलेले लग्न म्हणजे सैलपणा नव्हता, त्यामागे पैशाचे कारण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ज्याने लग्नासाठी सावकाराकडून पैसे काढले, त्याचे काय झाले? तो 'लग्नगडी' झाला. गडी म्हणजे चाकर. कर्ज शंभर-दोनशे रुपयांचे असे. ते फिटेपर्यंत त्याने सावकाराकडे राबायचे, आणि एकट्याने नव्हे. जिच्याशी लग्न केले तीही त्याच्याबरोबर राबणार. कर्ज फिटण्याची तारीख वहीत कधीच येत नसे. कित्येकांचे सारे आयुष्य त्यात गेले. बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची वर्णने पुस्तकांत आहेत. रविवारच्या या पानावर आम्ही ती देत नाही. आपण विवाहाला संस्कार मानतो. वेदीसमोर दोघे उभी राहतात, दोन साक्षीदार सह्या करतात आणि धर्मग्रामाच्या वहीत नोंद होते. ज्या तालुक्यात आज आपल्या धर्मगुरूंच्या हातून अशा नोंदी होतात, तिथे ऐंशी वर्षांपूर्वी दोघांच्या लग्नाची एकमेव लेखी नोंद सावकाराच्या खातेवहीत असे आणि ती त्यांच्या विक्रीची नोंद असे. विवाहाच्या तयारीचे वर्ग घेणाऱ्यांनी हे एकदा मुलांना जरूर सांगावे.

आता त्या दिवसाकडे येऊ, ज्या दिवशी झरीचे नाव इतिहासात गेले.

७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून मोजकेच वारली तिथे गेले होते. त्यांत माह्या धांगडा होते. हजारो शेतकऱ्यांसमोर उभे राहून त्यांनी आपल्या भागात काय चालते ते सांगितले. किसान सभेचे काम शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य करत होते. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. त्या काळी वकिली शिकलेली स्त्री म्हणजे नवलच. त्या डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर पायी हिंडू लागल्या. सुरुवातीला लोक त्यांना पाहून झोपडीत लपत. पांढरपेशा माणूस पाड्यावर येतो तो काहीतरी न्यायलाच येतो, हा पिढ्यांचा अनुभव! पुढे हेच लोक त्यांना 'गोदाराणी' म्हणू लागले.

२३ मे १९४५, बुधवार. युरोपातले महायुद्ध संपून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. झरी गावात वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे आली. तेव्हा या भागात आतल्या गावांना जायला धड रस्ते नव्हते, मोटारी नव्हत्या, लाउडस्पीकर नव्हते, बहुतेकांना पत्र वाचता येत नव्हते. पाच हजार माणसे चालत आली, ती तोंडी निरोपावर.

त्या सभेत ठरले ते फार साधे होते. जमीनदाराच्या खासगी शेतावर रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय काम करायचे नाही. वेठ करायची नाही. कोणी मारायला आला तर मुकाट्याने मार खायचा नाही. आणि सगळ्यांनी एक राहायचे. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. जमीन परत मागितली नव्हती, कोणाचा वाडा मागितला नव्हता. कामाचा पैसा आणि अंगावर हात न टाकणे, एवढेच.

सभेचा महिना पाहा. मे संपत आला की राब भाजून झालेले असतात आणि पाऊस आठ-पंधरा दिवसांवर असतो. खावटी आणण्याची वेळ तीच आणि जमीनदाराला हातांची सर्वांत जास्त गरज असते तीही तीच. मृग नक्षत्र कोणासाठी थांबत नाही. पेरणीच्या तोंडावर पाच हजार माणसांनी 'बारा आणे' म्हटले, म्हणून त्या शब्दाला वजन आले. हा शहाणपणा पुस्तकातून आलेला नव्हता. तो शेतावर राबणाऱ्याचा शहाणपणा होता.

झरीहून माणसे आपापल्या पाड्यांवर परतली आणि बातमी वणव्यासारखी पसरली. पुढच्या काही आठवड्यांत ठिकठिकाणी लोकांनी लग्नगड्यांना मोकळे करायला सुरुवात केली. जमावाने सावकाराच्या दारात जायचे आणि गड्याला, त्याच्या बायकोला हाताला धरून बाहेर आणायचे. वर्षानुवर्षे चालत आलेली वेठ एका पावसाळ्यात बंद पडली. कायदा त्यानंतर खूप वर्षांनी आला. सबंध देशासाठी वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला तो १९७६ मध्ये.

मग पावसाळा सरला आणि गवताचा हंगाम आला. आश्विनात माळ पिवळे पडू लागतात आणि कापणी अडली तर व्यापाऱ्याचे वर्ष बुडते. वारल्यांनी पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून थोडे अधिक गवत कापण्याला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो लोक जमले. गोदाराणीची तिथे सभा आहे आणि तिच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा उठवण्यात आली होती. त्या स्वतः तिथे नव्हत्या. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथीदार मरण पावले. परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यात येण्यास बंदी झाली. नेते बाहेर काढले म्हणजे लोक गप्प बसतील, असा सरकारचा अंदाज असावा. तो चुकला. गवताचा संप नेत्यांशिवाय चालला.

पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या हंगामात सव्वा रुपया रोजासाठी संप झाला आणि १९४६ च्या अखेरीस लाकूड व्यापाऱ्यांना तो दर मान्य करावा लागला. १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा सात महिने होते.

इथे एक गोष्ट आपल्याविषयी. आम्ही वाचलेल्या हकिगतींत झरीच्या त्या सभेच्या संदर्भात चर्चचे नाव येत नाही. लाल बावट्याचा निरीश्वरवाद आणि आपली श्रद्धा यांचे जमण्यासारखे नव्हते आणि तो काळ तर दोन्हीकडे फार कडवटपणाचा होता. त्यामुळे आपल्या व्यासपीठांवरून हा इतिहास क्वचितच सांगितला गेला असावा. हे आम्हांला बरोबर वाटत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये आपल्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य मजुरीविषयी लिहिले होते. संत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहा, शेत कापणाऱ्यांची मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना तिथे काय सुनावले आहे ते. तलवाड्याचे लोक गवत कापणारेच होते. बायबल आपल्या घरात होते आणि मागणी त्यांच्या तोंडी होती, असा हा प्रकार झाला. तलासरीत पुढे ज्ञानमाता सदनसारख्या संस्थांतून येशूसंघीयांनी शाळा आणि वसतिगृहे चालवली, त्यांत शिकलेली मुले आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण शाळेत येणाऱ्या पहिल्या मुलाचे वडील कोणाचे लग्नगडी नव्हते, ते आधी कोणीतरी मोकळे केले होते, एवढे लक्षात ठेवायला हरकत नसावी.

आणखी एक, जरा अडचणीचे. वसईपासून मुंबईपर्यंत आपल्या लोकांच्या जुन्या घरांना सागाचे वासे आहेत. ते कोणत्या जंगलातून आले आणि तोडणाऱ्याला रोज काय मिळाला, हे आम्ही आमच्या घरी कधी विचारले नव्हते. हा लेख लिहिताना प्रथमच वर पाहिले.

झरीची पुढची कथा भराभर सांगता येईल. १९४८ मध्ये कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद झाली. काहींना जमिनी मिळाल्या. काहींची नावे कुळात कधी लागलीच नव्हती, ते राहिले. १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. प्रत्येक कायद्याने काही दिले आणि प्रत्येक वेळी ते मिळवायला पुन्हा कागद लागला, पुन्हा कचेरीच्या फेऱ्या आल्या.

सीमेची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. झरीच्या आसपास पूर्वी तीन राज्यकारभार होते. पलीकडे दादरा-नगरहवेली १९५४ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. पोर्तुगीज गेल्याला आपल्याकडे दोनशे वर्षे होऊन गेली होती आणि इथल्या वारल्याचा सोयरा अजून पोर्तुगीज अमलात राहत होता! १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा उंबरगाव कोणाचे, हा वाद गाजला. वारली बोली मराठीची की गुजरातीची, यावर शहरांतल्या विद्वानांनी लेख लिहिले. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला. उरलेल्या गावांचा समावेश पुढे तलासरी तालुक्यात झाला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. एका आजीचे माहेर गुजरातेत, सासर महाराष्ट्रात आणि मोठी बहीण सिल्व्हासाकडे, अशी घरे इथे सहज भेटतात. पाहुण्यांकडे जाताना त्यांना तीन सरकारे लागतात, बोली एकच.

झरीच्या परिषदेची हकिगत आपल्याला इतकी नीट ठाऊक आहे ती गोदावरीबाईंमुळे. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. पुस्तक मोठे आहे, प्रामाणिक आहे, आणि आमचे वाचकांना सांगणे आहे की ते मिळवून वाचा. तरीही ते बाहेरून आलेल्या माणसाने लिहिले आहे. सावकाराची वही, सिमिंग्टनचा अहवाल, पोलिसांचे कागद आणि हे पुस्तक अशा चार ठिकाणी त्या काळच्या वारल्यांचे जगणे सापडते. चारही ठिकाणी लेखणी दुसऱ्याच्या हातात आहे. त्यांचा स्वतःचा हात दिसतो तो एकाच जागी, वहीतल्या अंगठ्यात.

पण हे म्हणताना आम्ही एक विसरत होतो. भिंत! तलासरी तालुक्यात जन्मलेल्या आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहिलेल्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या भिंतीवरचे ते चित्र कागदावर आणले आणि जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या आधी शेकडो वर्षे बायका ते चित्र काढत होत्या आणि पावसाळ्यात ते पुसले जात होते. लावणी, कणगी, तारपा, जाळे टाकणारा, झाडावर चढणारा, हे सगळे त्यात आहे. आज ही चित्रे टी-शर्टवर आणि विमानतळाच्या भिंतीवर असतात. ती मुळात लग्नाची चित्रे आहेत आणि त्याच लग्नापायी माणूस गहाण पडत होता, हे त्या टी-शर्टवर लिहिलेले नसते.

आता जमिनीचा प्रश्न पुन्हा उभा आहे. तलासरी-डहाणूतून महामार्ग आधीपासून जातो. त्याशिवाय मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांसाठी जमिनी गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तरुण मुले वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात, कोणी वीटभट्टीवर, कोणी मासेमारीच्या बोटींवर. नोव्हेंबर २०१८ पासून तर जमीनच हलू लागली. भूकंपाचे लहान लहान धक्के महिनोन्‌महिने बसत होते आणि डहाणू-तलासरीतल्या कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री अंगणात काढल्या. भरपाईच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचता येणारे माणूस आज बहुतेक घरांत आहे. १९४५ मध्ये नव्हते. एवढा फरक निश्चित पडला आहे. वाचता येणारा माणूस तो कागद खरोखर वाचतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी झरीची गोष्ट सांगितली. या खेपेस कोणी हसले नाही. मग त्याला एक काम दिले. सुट्टीत घरी गेलास की आजीजवळ बस, तुमच्या पाड्याभोवतीच्या शेतांची नावे विचार, खावटी कोणाकडून आणत ते विचार, आजी-आजोबांचे लग्न कोणत्या साली लागले आणि तेव्हा त्यांना किती मुले होती तेही विचार. लाजू नकोस. तलाठ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार पाहता येतात, ते मोठ्या कोणाला तरी बरोबर घेऊन पाहा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वही घेऊन आला. एका पानावर नऊ शेतांची नावे होती: आंब्याचे, खडकीचे, वाघोबाचे, अशी. आजीने सांगितली तशी त्याने आपल्या बोलीतच लिहिली होती. त्यांतल्या दोन शेतांना पाड्यावर अजून 'शेठाचे' म्हणतात. ती कसतात मात्र त्याचे काका. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, ते पाहायला तो काकांबरोबर नाताळच्या सुट्टीत जाणार आहे.